गुणी खेळाडू आणि अनुभवी सर

पंचवीस-तीस वर्षं बास्केटबॉल शिकवलेल्या, ज्यांच्या हाताखालून जिल्ह्याचे, विद्यापीठाचे, क्वचित राज्याचेही खेळाडू गेले आहेत, अशा सरांसाठी आणि मॅडमसाठी हा लेख आहे. नव्या प्रशिक्षकाला सांगणारे पुष्कळ असतात. जुन्याजाणत्या प्रशिक्षकाला कोणी काही सांगायला धजत नाही, आणि अवघड प्रसंग तर त्याच्यापुढेच उभा राहतो. एखाद्या जूनमध्ये मैदानावर असा मुलगा येतो, ज्याच्यासारखा आजवर आलेलाच नसतो. वय चौदा, उंची सहा फूट दोन इंच, आणि तरी चेंडू घेऊन छोट्या चणीच्या गार्डसारखा पळणारा. किंवा अशी एखादी मुलगी येते, जिला पास द्यायच्या जागा तुमच्या वरच्या गटातल्या मुलींच्याही आधी दिसतात.

अशा वेळी आपण सवयीने वागतो. उंच आहे ना, मग रिंगखाली उभा कर. ड्रिबल करू नकोस, चेंडू वरच धर, वळ आणि टाक. आजवर याच पद्धतीने सामने जिंकलेले असतात, त्यामुळे तिच्यावर शंका घ्यावी असं वाटतही नाही. पण ती पद्धत आधी येऊन गेलेल्या मुलांवरून बसलेली असते. नवा मुलगा तिच्यात बसत नसेल, तर बदलायची सुरुवात कोणी करायची? माझं मत स्पष्ट आहे: प्रशिक्षकाने. चौदा वर्षांच्या मुलाकडे अजून बदलण्याजोगं फारसं काही नसतं, तुमच्याकडे तीस वर्षांचा साठा आहे.

यासाठी अलीकडचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. सॅन अँटोनियो स्पर्सचे ग्रेग पॉपोविच डिसेंबर १९९६ पासून त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. मार्च २०२२ मध्ये एनबीएच्या नियमित मोसमात सर्वाधिक सामने जिंकणारे प्रशिक्षक ते ठरले. डेव्हिड रॉबिन्सन, टिम डंकन, टोनी पार्कर, मानू जिनोबिली, कावाय लेनर्ड हे सगळे त्यांच्या हाताखाली खेळले. जून २०२३ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत त्यांच्या संघाने पहिल्याच क्रमांकावर व्हिक्टर वेंबान्यामा हा फ्रेंच मुलगा घेतला. पॉपोविच तेव्हा ७४ वर्षांचे होते, तो १९ वर्षांचा. उंची सव्वासात फुटांहून जास्त, अंग काडीसारखं, आणि खेळ असा की तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकेल, ड्रिबल करत आत घुसेल, आणि मागे वळून दुसऱ्या टोकाला समोरच्याचा शॉट अडवेल. रॉबिन्सन आणि डंकनसारखे दोन उंच खेळाडू घडवलेल्या माणसाला आपल्याकडे साचा तयार आहे असं वाटलं असतं, तर त्यात नवल नव्हतं.

पॉपोविच यांनी आधी पाहायचं ठरवलं. हा मुलगा कुठे मोकळेपणाने खेळतो ते दिसू दे, मग काय करायचं ते ठरवू, अशी त्यांची सुरुवातीची भूमिका होती. जुलै २०२३ मध्ये लास वेगासच्या समर लीगमध्ये वेंबान्यामाने पहिल्या सामन्यात १३ शॉट मारले आणि त्यातले दोनच आत गेले. दुसऱ्या सामन्यात त्याने २७ गुण केले. या दोन सामन्यांनंतर संघाने त्याला त्या स्पर्धेत पुढे खेळवलंच नाही. गाजावाजा भरपूर होता, पण घाई कोणी केली नाही.

हे पाहणं तुम्हीही शिस्तीने करा. पहिले तीन-चार आठवडे त्या मुलाचा खेळ दुरुस्त करू नका. त्याला तीन विरुद्ध तीन खेळू द्या, दर दिवशी वेगळ्या जागेवर, आणि कडेला वही घेऊन बसा. चेंडू हातात येण्याआधी तो मान वळवून पाहतो का? उडी मारून खाली येताना दोन्ही पायांवर येतो की एकावर, आणि गुडघा आत कोलमडतो का? डाव्या हाताने ड्रिबल करायची वेळ आली की वेग कमी होतो का? चूक झाल्यावर तो तुमच्याकडे बघतो, सोबतच्यांकडे बघतो, की लगेच बचावाला पळतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. दर चुकीनंतर सरांकडे बघणारं मूल घाबरलेलं असतं, आणि घाबरलेल्या मुलाचा खरा खेळ तुम्हाला अजून दिसलेलाच नसतो. आणखी एक गोष्ट टिपा. सराव सुरू व्हायच्या आधी, कोणी सांगितलेलं नसताना तो काय करत बसतो? रिंगखाली उभं केलेला उंच मुलगा रोज रेषेबाहेरून फेकत असेल, तर त्याला काय व्हायचंय हे तो तुम्हाला न बोलता सांगतो आहे.

मग येतो जागेचा प्रश्न. इथे पॉपोविच यांचा प्रयोग चुकला, आणि तो कसा चुकला हे समजून घेण्यासारखं आहे. मोसमाच्या सुरुवातीला त्यांनी वेंबान्यामाला सेंटरला न खेळवता पॉवर फॉरवर्डला ठेवलं आणि शेजारी झॅक कॉलिन्स हा दणकट सेंटर दिला. हेतू उघड होता: दांडग्या खेळाडूंशी रोजची धक्काबुक्की या सडपातळ मुलाच्या वाट्याला येऊ नये. त्याच वेळी जेरेमी सोहान या फॉरवर्डला पॉइंट गार्डचं काम दिलं. पण रिंगजवळची गर्दी वाढली, वेंबान्यामाला वेळेवर पास मिळेनात, आणि संघ सलग १८ सामने हरला. डिसेंबरच्या सुरुवातीला पॉपोविच यांनी मांडणी मोडली आणि वेंबान्यामा सेंटरला आला. जानेवारीत ट्रे जोन्स हा खरोखरीचा पॉइंट गार्ड सुरुवातीच्या पाचात आला आणि चेंडू या मुलापर्यंत नीट पोचू लागला. त्या मोसमात संघाने २२ सामने जिंकले आणि ६० गमावले. वेंबान्यामाने मात्र सरासरी २१.४ गुण, १०.६ रिबाउंड आणि ३.६ ब्लॉक अशी कामगिरी केली, आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान त्याला एकमताने मिळाला.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पाच विजेतेपदं गाठीशी असताना, सगळ्या जगासमोर मांडणी मागे घ्यायला मोठं मन लागतं. त्यातून तुमच्यासाठी एक साधी रीत निघते. गुणी खेळाडूची जागा ठरवताना तिला मुदत घाला. ‘दिवाळीपर्यंत तू इथे खेळशील, मग आपण दोघं बसून बघू,’ असं त्याला आणि संघाला आधीच सांगा. मुदत जाहीर असली की बदल ही कोणाची हार राहत नाही. आणि प्रयोगाची किंमत दुसरं कोणी मोजत नाही ना, इकडे लक्ष ठेवा. सोहानला जी जबाबदारी मिळाली ती त्याच्या अंगच्या खेळाची नव्हती, आणि तिचे चटके त्याला बसले. आपल्याकडेही एका तारांकित मुलासाठी चार मुलांच्या जागा हलतात. त्या चौघांशी वेगळं बोला. त्यांचे आई-वडील मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे असतात आणि त्यांना सगळं दिसत असतं.

मोठ्या प्रशिक्षकाने एका खेळाडूसाठी स्वतःचा खेळ बदलल्याचं याहून ठळक उदाहरण जुनं आहे. यूसीएलए विद्यापीठाच्या जॉन वुडन यांनी १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली, ती वेगाच्या आणि पूर्ण मैदानावरच्या प्रेसच्या जोरावर. त्यांच्या १९६४ च्या संघात सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटी खेळाडूसुद्धा नव्हता. १९६५ मध्ये न्यूयॉर्कहून सात फुटांहून उंच ल्यू अल्सिंडॉर आला, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार. वुडन तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. जिंकून देणारं आक्रमण त्यांनी बाजूला ठेवलं आणि रिंगजवळच्या पोस्टभोवती नवं आक्रमण बसवलं. अल्सिंडॉर खेळला त्या तीन वर्षांत, १९६७ ते १९६९, तिन्ही विजेतेपदं यूसीएलएची, ८८ विजय आणि फक्त दोन पराभव. मध्येच, १९६७ च्या मोसमानंतर, महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये डंकवर बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. लहानपणापासून घोटवलेला हूक शॉट अल्सिंडॉरने त्या काळात इतका धारदार केला की पुढे वीस वर्षं एनबीएत तो कोणाला नीट अडवता आला नाही. पराभूत प्रशिक्षक बदलतो, कारण त्याला गत्यंतर नसतं. वुडन जिंकत असताना बदलले, म्हणून मला ते थोर वाटतात.

आता शरीराकडे येतो, आणि इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण आपल्या गुणी मुलांचं सर्वाधिक नुकसान इथेच होतं. वेंबान्यामा पहिल्या मोसमात ८२ पैकी ७१ सामने खेळला, सामन्याला सरासरी तीस मिनिटांच्या आत. डिसेंबरमध्ये घोटा दुखावल्यावर त्याची मिनिटं आणखी आवळली गेली. त्या काळात, १० जानेवारी २०२४ ला डेट्रॉइटविरुद्ध, तो केवळ २१ मिनिटं मैदानावर होता आणि तेवढ्यात १६ गुण, १२ रिबाउंड, १० असिस्ट करून गेला. डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ असा सगळा ताफा हाताशी असलेला संघ आपला सर्वोत्तम खेळाडू बाकावर बसवतो. आपण सिमेंटच्या कोर्टवर, जुन्या बुटांत, चौदा वर्षांच्या मुलाला चाळीसच्या चाळीस मिनिटं पळवतो.

कारणं मला ठाऊक आहेत. पावसाळा संपता संपता शालेय स्पर्धा येतात. जो उंच आहे तो १७ वर्षांखालच्या संघातही लागतो आणि १९ वर्षांखालच्याही. क्लबची स्पर्धा त्याच महिन्यात, जिल्ह्याची निवड चाचणी त्याच आठवड्यात. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांचा प्रश्न असतो, पुढे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा विचार घरात चालू असतो. सामने एका दिवसात दोन-दोन ठेवले जातात. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी मिळून २०१६ मध्ये मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १२ ते १४ वयोगटासाठी आठवड्याला दोनच सामने सांगितले आहेत, आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती सांगितली आहे, आणि चौदा वर्षांआधी मुलाला एकाच खेळात अडकवू नका असं म्हटलं आहे. स्पर्धांचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही. बदली खेळाडू पाठवणं मात्र तुमच्या हातात आहे. पंधरा गुणांची आघाडी असताना तो मुलगा मैदानावर असेल, तर ती मिनिटं त्याच्या गुडघ्यांतून वजा होत आहेत.

दर महिन्याला एकाच तारखेला मुलांची उंची मोजून लिहून ठेवा. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी, आणि प्रत्येकाचा वेग निराळा असतो. या काळात कालपर्यंत जमणारा ले-अप एकदम चुकायला लागतो, कारण हातपाय लांबलेले असतात आणि त्यांचा अंदाज अजून बसलेला नसतो. हा आळस नव्हे. गुडघ्याच्या वाटीखाली उंचवटा येऊन दुखणं, टाचेत दुखणं ही या वयातल्या वाढीच्या दुखण्यांची ओळखीची लक्षणं आहेत. ‘दुखतंय तर पळ, मोकळं होईल’ हा सल्ला इथे कामाचा नाही. उड्या कमी करा, त्या आठवड्यात बसून पासिंग आणि फ्री थ्रो घ्या, आणि दुखणं राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. मुलींना उडीनंतर गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, सरळ रेषेत उतरायला दर सरावात दहा मिनिटं शिकवा. गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, आणि त्यात मुलीचं अख्खं वर्ष जातं. बारा वर्षांखालच्यांना मोठा चेंडू देऊ नका. मिनी बास्केटबॉलचा चेंडू पाच नंबरचा असतो आणि रिंग २.६० मीटरवर, मोठ्यांच्या ३.०५ मीटरवर नव्हे. लहान हातांनी जड चेंडू उंच फेकताना खांद्यातून झोकून द्यायची सवय लागते, आणि ती पुढे मोडता मोडत नाही.

शॉट सुधारायचा असेल तर तो मोसम संपल्यावर. स्पर्धा चालू असताना मनगटाला हात लावू नये. आणि हे काम स्वतःलाच जमतं असा हट्ट धरू नये. पॉपोविच यांनी २००५ मध्ये चिप एंगलंड या शॉट शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला आणलं. एंगलंड यांनी टोनी पार्करचे तीन गुणांचे शॉट काही काळ बंदच केले आणि जवळचा शॉट नव्याने बसवला. २००७ च्या अंतिम मालिकेत पार्कर सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे कावाय लेनर्डचा शॉटही एंगलंड यांच्याच हाताखाली घडला. तुमच्या गावात एंगलंड नसतील. पण तुमचाच एखादा जुना विद्यार्थी, ज्याचा शॉट तुम्हालाही हेवा वाटावा असा होता, रविवारी सकाळी तासभर नक्की येईल. त्याला बोलवा आणि त्या तासात तुम्ही गप्प बसा. मोबाइलवर बाजूने शॉटचं चित्रण करून मुलाला दाखवा. सरांनी शंभरदा सांगितलेलं जे कानावरून जातं, ते मुलाला पडद्यावर एकदा दिसलं की पटतं.

बोलण्याच्या पद्धतीबद्दलही सांगायलाच हवं. पार्कर २००१ मध्ये १९ वर्षांचा असताना आला, २८ व्या क्रमांकावर निवडला गेलेला. पॉपोविच त्याच्यावर मोसमच्या मोसम कडाडत राहिले. पार्करने स्वतः ते पुढे अनेकदा सांगितलं. अर्जेंटिनाचा जिनोबिली २००२ मध्ये इटलीतून आला, तेव्हा तो पंचविशीचा होता आणि युरोपात नाव कमावलेला. त्याचे जोखमीचे पास आणि बचावातल्या उड्या पाहून पॉपोविच वैतागायचे. काही काळाने त्यांनी ओळखलं, की या माणसाचा धोका पत्करण्याचा स्वभाव आणि सामना फिरवायची ताकद वेगळी काढता येत नाहीत. त्यांनी त्याला मोकळं सोडलं, आणि जिनोबिलीनेही बाकावरून उतरून खेळायचं मान्य केलं. वेंबान्यामाच्या बाबतीत त्यांनी तिसरी तऱ्हा धरली: सामन्यात त्याला चुका करू दिल्या आणि शिकवणं सरावात, चित्रण बघताना केलं. माणूस एकच, प्रशिक्षक एकच, आणि तीन खेळाडूंसाठी तीन आवाज.

तुम्हाला आवाज एकच येत असेल, तर दुसरा शिकावा लागेल. ओरडणं पूर्ण टाकून द्या असं मी म्हणणार नाही. वेळेवर दिलेली हाक मैदानावर हवीच. पण ओरडून सांगायचं ते प्रयत्नाबद्दल: परत का नाही पळालास, हात खाली का होते. कौशल्यातली चूक जवळ बोलावून, हळू आवाजात, आणि शक्यतो प्रश्न विचारून सांगा. ‘तो पास दिलास तेव्हा तुला काय दिसलं?’ असं विचारून पाच सेकंद थांबा. गुणी मुलाला पुष्कळदा तुम्हाला न दिसलेलं दिसलेलं असतं. पास चुकला असेल, पण दिसलेली जागा खरी असेल, तर तसं त्याला सांगा. वयात येणाऱ्या मुलींशी शरीराबद्दल, वजनाबद्दल, पाळीच्या दिवसांतल्या थकव्याबद्दल बोलायचं असेल, तर संघात एक ताई असायलाच हवी. अशी ताई नसेल तर आधी तिची सोय करा, मग बाकीचं.

एका बाबतीत मात्र तसूभरही हलू नये. वेळेवर येणं, बचावात घाम गाळणं, बाकावर बसल्यावर सोबतच्यांसाठी उठून टाळ्या वाजवणं, चेंडूंची पिशवी उचलणं: हे नियम सगळ्यांत गुणी मुलाला सगळ्यांत आधी लागू. टिम डंकन स्पर्सचा सर्वांत मोठा खेळाडू होता आणि पॉपोविच त्यालाही सगळ्यांसमोर बोलायचे. तो ऐकून घ्यायचा, म्हणून बाकीच्यांना कुरकुर करायला तोंड नसायचं. तारांकित मुलाला सरावाला उशिरा यायची मुभा दिलीत, तर संघ तुमच्या हातून त्याच दिवशी गेला. त्याच्यासाठी खेळाची मांडणी बदला, शिकवण्याचा सूर बदला, मिनिटं बदला. शिस्तीची यादी सर्वांना एकच ठेवा आणि ती भिंतीवर लावा.

घरच्यांशी बोलणं टाळू नका. हंगामाच्या सुरुवातीला आई-वडिलांना बोलावून सांगा, की यंदा आपण त्याला कमी सामने खेळवणार आहोत आणि कदाचित काही हरणारही आहोत. हे आधी सांगितलं तर ते ऐकून घेतात. उपांत्य सामना हरल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही हेच, आणि शक्यतो लेखी.

नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला पॉपोविच यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. त्यांच्या जागी त्यांचे सहायक मिच जॉन्सन यांनी काम पाहिलं, आणि मे २०२५ मध्ये पॉपोविच प्रशिक्षकपदावरून बाजूला झाल्यावर जॉन्सनच मुख्य प्रशिक्षक झाले. वेंबान्यामा त्यांना पहिल्या दिवसापासून ओळखत होता. तुमचा खेळाडूही तुमच्याकडून जाणारच आहे: जिल्ह्याच्या शिबिरात, एखाद्या क्रीडा प्रबोधिनीत, दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात. तिथल्या प्रशिक्षकांना तो मुलगा फक्त उंची आणि वय यांवरूनच कळतो, आणि पहिल्याच दिवशी ते त्याला रिंगखाली उभा करतात. म्हणून तो निघण्याआधी दोन पानं लिहून त्याच्यासोबत द्या. महिन्यागणिक उंची. कुठलं दुखणं कधी झालं आणि किती आठवडे विश्रांती घेतली. कोणकोणत्या जागांवर खेळला आणि त्याला कुठे आवडतं. शॉटमध्ये काय बदललं, कधी बदललं, आणि काय अजून कच्चं आहे. रागावल्यावर तो मिटतो की पेटतो. खाली तुमचा फोन नंबर लिहा, आणि नव्या सरांचा फोन पंधरा दिवसांत आला नाही, तर तुम्हीच करा.